वरच्या बांधीतलं खत

नोकरीची बरीच वर्षं मी नागभीड आणि सिंदेवाही तालुक्यांत कृषी सहायक होतो. हा झाडीपट्टीचा मुलूख. धान आणि तलाव वगळून इथल्या शेतीबद्दल काही बोलताच येत नाही. कागदावर माझं काम म्हणजे बियाणं, खत, किडी, नुकसानीचे पंचनामे आणि योजनांच्या याद्या. तलाव त्यात कुठेच नव्हता. तलाव जिल्हा परिषदेचा, मासे मत्स्य संस्थेचे, पाळीवरचा मोह ज्याचा त्याचा. तरी युरियाबद्दल मी जे शिकलो त्यातलं निम्मं तलावाच्या पाळीवर शिकलो, आणि शिकवणारे शेतकरी नव्हते, तलावात मासेमारी करणारे ढिवर होते.

शेतकरी खताकडे धानाच्या रंगावरून पाहतो, ढिवर पाण्याच्या रंगावरून. भादव्यात पावसानं आठेक दिवस उघाड दिली आणि ऊन तापलं, की काही तलावांचं पाणी शेवाळानं घट्ट हिरवं होतं. कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. मग एखाद्या ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे रोहू-कतला काठाला येतात आणि तोंड वर काढून हवा ओढू लागतात. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं, आणि मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरलाही संपतो. म्हणून हे संकट नेहमी पहाटेचं. मरळ आणि मांगूर तगतात, कारण त्यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. पण संस्थेनं पैसे मोजून बीज सोडलेलं असतं ते रोहू-कतल्याचं, आणि तलावाच्या ठेक्याची रक्कम आधीच भरलेली असते. मासा मेला म्हणून ती रक्कम कुणी परत करत नाही. धान बुडालं तर पंचनामा करायला माझ्यासारखा माणूस जातो. मासा मेला तर कोण जाणार, याचं उत्तर मला नोकरीभर मिळालं नाही.

"वरच्या गावानं खत मारलं आन् मोठा पानी आला, का आमच्या तलावाचा रंग बदलते," एका म्हाताऱ्या ढिवरानं मला सांगितलं होतं. "तुमी त्याहिले सांगा ना जी. आमचं कोन ऐकते?"

बाहेरच्या माणसाला वाटतं, गावचा तलाव, गावची शेती, तेव्हा शेतातलं खत त्याच गावच्या तलावात उतरत असेल. जमिनीचा उतार तसं सांगत नाही. तलाव वर असतो आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्याच्या पाळीखाली. तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या तोंडातून, सुटलेलं पाणी बांधीतून बांधीत उतरत जातं, शेवटच्या धुऱ्यावरून नाल्याला लागतं, आणि तो नाला पुढच्या गावच्या तलावाचा येवा असतो. गोंड राजांच्या काळात कोहळी आणि इतरांनी हे तलाव बांधले, तेव्हा एकाच्या सलंगावरून सांडलेलं पाणी दुसऱ्यानं झेलावं अशा साखळ्याच तयार केल्या. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात 'मामा तलाव'. थेंब वाया जाऊ नये म्हणून केलेली ही योजना. पूर्वी त्या वाटेनं गाळ आणि जंगलातला पालापाचोळा यायचा. आता त्याच वाटेनं युरिया आणि डीएपी येतात. ज्याच्या बांधीत खत पडलं त्याच्या गावच्या तलावाला काही होत नाही, कारण त्याच्या तलावात वरच्या जंगलाचं किंवा वरच्या गावाचं पाणी आहे. भोगतो तो पुढचा. साखळी संपते तिथे उमा, अंधारी किंवा थेट वैनगंगा.

हे कळल्यावर माझ्या कामाची दिशा ठरली. वरच्या गावाला खालच्या गावच्या माशांची गोष्ट सांगून काही उपयोग नव्हता. सांगून पाहणारे कमी झाले नाहीत. शेतकरी ऐकतो, हळहळतो, चहा पाजतो आणि खत तेवढंच टाकतो. त्याला त्याच्याच बांधीची गोष्ट सांगावी लागते.

ती अशी. आपल्याकडच्या सुधारित धानाला शिफारस आहे हेक्टरी नत्र १००, स्फुरद ५० आणि पालाश ५० किलो. एकरात हिशेब बसवला तर डीएपीची ५० किलोची एक बॅगही पूर्ण लागत नाही. त्यातून मिळणारं नत्र वजा केलं, की युरिया उरतो सुमारे ७० किलो, म्हणजे आताच्या ४५ किलोच्या बॅगेनं दीड बॅग. तीही एकदम नाही. अर्धं नत्र रोवणीच्या वेळी, बाकीचं फुटव्यांच्या आणि गर्भाच्या वेळी. मी धुऱ्याधुऱ्यानं पाहत होतो ते प्रमाण कुठे अडीच बॅगा, कुठे तीन.

शेतकरी अडाणी म्हणून हे घडतं असं मानणारे कार्यालयात पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा ब्रह्मपुरी वनविभागाला लागून असलेल्या बांधीत खत टाकायला जावं. एका बाजूला झुडपी जंगल, परवाच पट्टेवाल्या वाघाचे ठसे दिसलेले, धुऱ्यावर राखण करायला घरचा एक माणूस काठी घेऊन उभा. अशा ठिकाणी तीन हप्त्यांत खत द्या म्हणजे तीनदा जीव मुठीत धरून या, असंच त्याला ऐकू येतं. तो एकाच दिवशी दुपारच्या उन्हात सगळं फेकून मोकळा होतो. दुसरं कारण रस्त्याचं. सडकेला लागून ज्याची बांधी आहे त्याचं धान शेजाऱ्यापेक्षा काळंभोर हिरवं दिसलंच पाहिजे. तिसरं कारण किंमत. बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. रोवणीच्या हंगामात एका बाईच्या एका दिवसाच्या रोजीच्या आसपास. इतक्या स्वस्त वस्तूची कुणी मोजदाद करत नाही. वर ती ऐन हंगामात मिळत नाही, कृषी केंद्रासमोर रांग लागते, म्हणून मिळेल तेव्हा जास्तीची घेऊन ठेवायची, आणि घरात आहे तर टाकायची.

यातलं कुठलंही कारण भाषणानं हलत नाही. हलली ती पाण्याची गोष्ट. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण पाण्यात पडल्यावर पहिले काही दिवस युरिया मातीला चिकटत नाही. साखर विरघळावी तसा विरघळतो आणि पाणी जाईल तिकडे जातो. चार-पाच दिवसांत त्याचं अमोनियम होतं, मग ते चिकणमातीला धरून बसतं. म्हणजे खत फेकलं आणि त्याच दिवसांत धुऱ्यावरून पाणी वाहत राहिलं, तर खत शेजाऱ्याला. डीएपीतल्या स्फुरदाचं उलटं आहे. ते मातीला लगेच चिकटतं, पण माती गढूळ पाण्यासोबत निघाली की तिच्याबरोबर जातं. चिखलणी करून तासाभरात पाण्याचं तोंड उघडणारा माणूस आपल्या हातानं आपली सगळ्यात कसदार माती आणि आताच टाकलेलं डीएपी नाल्यात सोडत असतो. तलावाला शेवाळ चढवण्यात या स्फुरदाचा वाटा मोठा असतो. गढूळ पाणी एक रात्र स्थिर राहू दिलं तरी बराच गाळ खाली बसतो.

एका शिवारात मला यासाठी पुरावाच मिळाला. ओळीत अकरा-बारा बांध्या, सगळ्यांचं पाणी एकातून दुसरीत. सगळ्यात खालच्या बांधीचा मालक एकरी एकच बॅग टाकायचा आणि त्याचं धान सगळ्यांपेक्षा हिरवं. वरचे म्हणायचे, त्याची जमीनच तशी आहे. मी सगळ्यांना घेऊन पाण्याच्या वाटेनं वरून खाली चालत आलो. शेवटच्या धुऱ्यावर तो मालक उभा होता, काही न बोलता हसत. "म्हंजे आमचा युरिया याच्या वावरात पिकते काय!" एकजण ओरडला. माशांच्या कळवळ्यानं जे कधी झालं नसतं ते या एका वाक्यानं झालं. त्या वर्षी त्या शिवारात खत टाकण्याआधी धुऱ्याची तोंडं बंद होऊ लागली, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं लिंपली जाऊ लागली, आणि पाच दिवस पाणी अडवायचं असं शेजाऱ्याशेजाऱ्यात ठरू लागलं. मग बॅगा आपोआप कमी झाल्या, कारण दीड बॅगेतच रंग धरला.

माणसाचा लोभ आणि तलावाचं भलं एकाच बाजूला उभे राहतात अशा जागा थोड्या असतात. ही त्यातली एक होती, आणि ती वापरण्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

रंगाचा तक्ताही उपयोगी पडला. धानाचं पान प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्यांशी जुळवायचं. ठरल्या पट्टीपेक्षा फिकट असेल तरच पुढचा हप्ता, नाहीतर घरी परत. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं रूढ केलेली ही साधी वस्तू आहे. बायकांना ती पुरुषांपेक्षा लवकर जमली. तिचा एक गुण असा, की 'शेजाऱ्यापेक्षा हिरवं' या स्पर्धेला ती परस्पर पूर्णविराम देते. पट्टीच्या पुढचं हिरवं म्हणजे मावा-तुडतुड्याला आमंत्रण, हे एकदा तुडतुड्यानं बसवलेलं धान पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बारीक धान लावणाऱ्यांना तर लोळण्याचीही भीती. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एकेक लोंबी निवडून एचएमटी धान तयार केलं. एवढ्याशा जमिनीच्या त्या शेतकऱ्याची नजर मात्रेपेक्षा रोपावर होती. बारीक धानाला जास्तीचं नत्र पाजून ते लोळवणं म्हणजे त्यांच्या निवडीचा अपमान, असं मी सभेत म्हणायचो. टाळ्या पडायच्या. फरक किती पडायचा ते सांगता येत नाही.

जिथे अडलं ते सांगणंही भाग आहे. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातलागवड मांडली. तिचं चौथं सूत्र म्हणजे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, २.७ ग्रॅमच्या गोळ्या. दोरीवर सारख्या अंतरानं रोवणी करायची आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन १७० किलोच्या आत. नत्र लागतं शिफारशीच्या जवळपास साठ टक्के, आणि वरच्या पाण्यात खत जवळजवळ येतच नाही. तलावाच्या दृष्टीनं याहून चांगली पद्धत माझ्या माहितीत नाही. धानही उत्तम येतं, प्लॉट घेतलेल्या प्रत्येक ठिकाणी आलं.

आणि तरी ती पसरली नाही. आमच्याकडे रोवणी गुत्त्यानं होते. बायांचा गट एकराचा भाव ठरवतो आणि दिवसाला जास्तीत जास्त जमीन उरकतो. दोरी धरून लावायचं म्हणजे वेग अर्धा, वर वाकून गोळ्या खुपसायच्या. "साहेब, एक गोळी तुमी लावून पाहा, मंग सांगा," असं एका गटाच्या म्होरकीनं मला बांधीत उतरवूनच सांगितलं. संध्याकाळी कंबर सरळ होईना. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वाचलेल्या युरियाचा पैसा मालकाच्या खिशात आणि वाढलेले कष्ट रोवणारणीच्या कमरेत, असा तो व्यवहार होता. वाचलेली बॅग २६६ रुपयांची आणि वाढलेली मजुरी त्याच्या कितीतरी पट, म्हणून मालकही नाखूश. खताचं अनुदान बॅगेवर आहे तोवर बॅगच जिंकणार. त्यातला थोडा भाग जरी गोळी खुपसणाऱ्या हाताला मिळाला असता, तर निदान तलावाच्या येव्यातल्या बांध्यांपुरती ही पद्धत टिकली असती असं माझं मत आहे. नॅनो युरियाची बाटली २०२१मध्ये आली. तिचा गाजावाजा ऐकला. मी तिच्यावर मदार ठेवली नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटात राहतो. त्याच्या घरापुढे लॉन आहे, आणि आपल्या सडकेकाठच्या बांधीसारखंच ते शेजाऱ्यापेक्षा हिरवं असावं लागतं, हे त्यानंच हसत सांगितलं. पण तिथे २००५पासून पूर्ण राज्यात लॉनला स्फुरदयुक्त खत टाकायला बंदी आहे. नवं लॉन लावताना किंवा माती तपासून कमतरता निघाली तरच परवानगी. दुकानातल्या पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला आकडा शून्य असतो. कारण त्या राज्याची ओळखच तळी. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरानंही असाच नियम केला, आणि पुढे ह्युरॉन नदीतलं स्फुरद सरासरी २८ टक्क्यांनी घटल्याचं मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं. ऐकून बरं वाटलं. मात्र तिथेही लॉनवाल्यांना नियम लावणं सोपं गेलं, शेतीला हात लावणं नाही. ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात २०१४च्या ऑगस्टमध्ये विषारी शेवाळामुळे नळाचं पाणी पिऊ नका असं चार लाखांवर लोकांना सांगावं लागलं, आणि त्या शेवाळाचं खाद्य मुख्यतः वरच्या शेतांतून आलं होतं. वरचं आणि खालचं गाव तिथेही आहे.

सगळं खताच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. चंद्रपूरच्या रामाळा तलावात इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजला तो मुख्यतः शहराच्या सांडपाण्यावर. त्यासाठी इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी २०२१मध्ये उपोषण केलं ते सर्वांना आठवत असेल. खेड्यातल्या तलावातही जनावरं, कपड्यांचा साबण, काठावर माजलेलं बेशरम आणि वर्षानुवर्षं न उपसलेला गाळ आहेच. गाळानं उथळ झालेला तलाव लवकर तापतो आणि तेवढ्याच खतात जास्त हिरवा होतो. कमळ, देवधान अशा मूळच्या वनस्पती गेल्यानं खत शोषून घेणारंही कुणी उरलं नाही. भंडारा-गोंदिया भागात ढिवरांनी बेशरम उपटून तलावात या वनस्पती परत लावल्या आणि मासे परतले, हे काम मी जाऊन पाहिलं आहे. ते खरं आहे आणि मोठं आहे. पण वरून येणारं खत चालूच राहिलं तर त्या वनस्पतींनी किती गिळावं यालाही मर्यादा आहे.

राहिला प्रश्न ठरवायचं कुणी याचा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे, अभ्यासगटाची गोष्ट फार थोड्यांना. पाण्याच्या बाबतीत बहुमत उपयोगाचं नाही हे मी त्या शिवारात पाहिलं. अकरा जणांनी तोंडं बंद केली आणि बाराव्यानं उघडं ठेवलं, तर अकरांचं पाणी त्याच्यातून जातं. शिवाय इथे दोन गावं आहेत, आणि दोन गावांची मिळून सभा कुठल्याच कायद्यात बसत नाही. ती आपली आपण बसवावी लागते.

लॉनवाल्या वाचकांसाठीही दोन शब्द. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या वसाहतींत, बंगल्यांत, विश्रामगृहांत हिरवळी आहेत, आणि त्यांचं पाणीही गटारातून नाल्यात आणि इरई-झरपटीतच जातं. माळी पाऊस यायच्या आदल्या दिवशी युरिया फेकतो, कारण पावसानं तो 'आत जाईल' असं त्याला वाटतं. त्याला थांबवा. डीएपी तर माती तपासल्याशिवाय आणूच नका. कापलेलं गवत उचलून जाळण्यापेक्षा तिथेच पडू द्या, त्यातूनही खताचं थोडं काम होतं.

आणि झाडीपट्टीतल्या वाचकांना एवढंच सांगणं, की यंदा रोवणीआधी खरिपाची सभा भरेल तेव्हा खालच्या गावच्या मत्स्य संस्थेच्या दोन माणसांना बोलावणं धाडा. त्यांना मागच्या ओळीत बसवू नका. आधी त्यांना बोलू द्या, मग खताच्या मात्रेवर या.